अक्काची तहान

मार्च लागला की बेंगळूरच्या रस्त्यांवर गुलाबी फुलं येतात. पान एक नाही आणि सगळं झाड फुलांनी भरलेलं. माणसं गाड्या बाजूला घेऊन फोटो काढतात. आमच्या कॉलेजच्या फाटकाजवळ तसं एक झाड आहे. त्याच्याखाली आम्ही परीक्षेचं वाचत बसतो, म्हणजे निदान पुस्तक उघडून बसतो, आणि पाकळ्या पानांवर पडत राहतात. वर्गातली मुलं म्हणतात, ही फुलं आली की परीक्षा आली. मला हे दिवस परीक्षेने नाही, वासाने आठवतात. पिकून गळलेल्या, उन्हात आंबलेल्या काजूच्या बोंडांचा वास. गोड, थोडा दारूसारखा, नाकात शिरून बसणारा.

मागच्या आठवड्यात मल्लेश्वरमच्या बाजारात तो वास अचानक आला. मी वहीची पानं घ्यायला गेलो होतो. एक म्हातारी पदपथावर कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसली होती आणि तिच्या टोपलीत एका बाजूला दहा-पंधरा बोंडं होती, लाल आणि पिवळी, काही चेमटलेली. मी थांबलो तशी ती एक बोंड पुढे करून अर्ध्या कन्नडात म्हणाली, "गेरु हण्णु, तगोळ्ळी. स्वल्प मीठ लावून खा." मी एक घेतलं आणि तिथंच उभं राहून खाल्लं. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. घसा खवखवला. शर्टवर डाग पडला, आणि काजूचा डाग काही केल्या जात नाही हे मला माहीत असूनही मी तो पुसत बसलो. आई म्हणायची, काजूचा डाग पुढच्या वर्षीचे काजू आल्यावरच जातो.

आणि मग अक्का आठवली. खरं तर आठवली असं म्हणता येणार नाही. ती या दिवसांत मनात असतेच. यंदा जास्त आहे, कारण मला तिला एक गोष्ट विचारायची होती आणि मी ती रोज उद्यावर ढकलत होतो.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, सुमन. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. जन्मापासून तिचं अंग तिचं ऐकत नाही. पाय ताठ होऊन एकमेकांत अडकतात, उजवा हात छातीशी आखडून असतो, डावा थोडंफार ऐकतो. बोलायचं झालं तर एकेका शब्दासाठी तिला सगळं शरीर कामाला लावावं लागतं. मान वळते, खांदा वर जातो, मग शब्द येतो. डोकं मात्र आमच्या घरात सगळ्यात तल्लख तिचंच. मी वाडीतल्या प्राथमिक शाळेत जायला लागलो तेव्हा आई तिला माझ्याबरोबर शाळेच्या ओसरीवर आणून बसवायची, दोघांवर एकदम लक्ष राहावं म्हणून. गुरुजींनी तिचं नाव कधी पटावर घेतलं नाही, पण हाकललंही नाही. मी वर्गात बसून जे शिकलो ते तिने खिडकीबाहेर बसून माझ्याआधी शिकून घेतलं. माझा पाढा चुकला की ओसरीवरून तिचं हसणं यायचं.

आमची वाडी खानापूरच्या पलीकडे जंगलात आहे. रस्ता संपतो तिथं बस फिरते, आणि मग ओढा ओलांडून चालत यायचं. थोडी घरं, थोडी भाताची खाचरं, आणि उतारावर काजू. बाबा गोव्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरात होते, अजून आहेत. गणपतीला येतात. आई शेतात. अक्काला सांभाळायचं काम माझ्याकडे कधी आलं ते मला सांगता येणार नाही. एखाद्या घरात गुरं सोडायचं काम कुणाकडे असतं, पाणी भरायचं कुणाकडे, तशी अक्का माझ्याकडे. सकाळी आई तिची आंघोळ उरकून, वेणी घालून शेतात जायची. त्यानंतरचं सगळं माझं. पुढे हायस्कूलला आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, खानापूरला जायला लागल्यावर शाळेच्या दिवशी आई मधे घरी येऊन जायची. पण रविवार, सुट्टी आणि काजूचे दिवस, तेव्हा अक्का पुन्हा माझ्या वाट्याला.

मी तिला पाठुंगळीला घेऊन सगळीकडे न्यायचो. तिची हनुवटी माझ्या खांद्यावर टोचायची. चढावर मला धाप लागली की ती कानाशी म्हणायची, "म्हातारा... झालास... गा." हे एवढं म्हणेपर्यंत चढ संपलेला असायचा.

तिचं बोलणं मला कळायचं आणि इतरांना कळायला वेळ लागायचा, म्हणून मी तिचा दुभाषा झालो. कुणी तिला काही विचारलं की ती सुरुवात करायची आणि शेवट मी करायचो. "सुमी, जेवलीस काय गे?" असं शेजारीण विचारायची. अक्काचा खांदा वर जायचा, "मी..." एवढं यायचं, आणि मी सांगून मोकळा, "जेवली, भाकरी आणि हुलग्याची आमटी." लोक म्हणायचे, बघा कसं बहिणीच्या मनातलं ओळखतो. मला फार बरं वाटायचं. तिला कदाचित आमटी तिखट होती म्हणून सांगायचं असेल. शेजारणीच्या नव्या साडीबद्दल काही म्हणायचं असेल. मी तिचा त्रास वाचवतोय असं मला वाटायचं. आता वाटतं, मी माझा वेळ वाचवत होतो.

बारावीची, म्हणजे आमच्याकडच्या दुसऱ्या पीयूसीची परीक्षा झाली ते वर्ष मला सांगायचं आहे. पेपर संपून मी वाडीत परत आलो तेव्हा काजू ऐन भरात होते. झाडाखाली ऊन चढायच्या आत पोचावं लागतं, आणि त्या वेळी बोंडांच्या वासाने आलेली अस्वलं रानात असू शकतात. बायका हातातल्या काठ्या आपटत, मोठमोठ्याने बोलत रानात शिरायच्या. पायाखाली बोंडं चिरडून चिकचिक व्हायची. खाली पडलेलं बोंड उचलायचं, बी पिरगळून काढायची, बोंड टाकायचं. चिकाने बोटांची सालं निघतात, म्हणून हाताला आधी खोबरेल चोळायचं. दुपारपर्यंत सगळ्यांचे हात काळे.

पुढे शिकायला बेंगळूरला जायचं माझ्या मनात होतं. आमच्या घरातूनच काय, वाडीतूनही तिथं कुणी शिकायला गेलं नव्हतं. सरकारी वसतिगृहात जागा मिळेल असं कॉलेजच्या सरांनी सांगितलं होतं. अडचण एकच होती. आई एके दिवशी भर दुपारी, भाकरी थापता थापता म्हणाली, "तू जा बाबा. पण मी शेतात गेल्यावर हिला कोण बघंल ते तूच सांग." तिने मला अडवलं नाही. प्रश्न तेवढा माझ्या ताटात वाढला.

शेजारच्या घरात तुळसावहिनी होत्या. नवरा लाकडाच्या वखारीत, सासू अंथरुणाला खिळून, मूलबाळ नाही. दिवसा घरातच असायच्या. मी त्यांना विचारायचं ठरवलं आणि दोन दिवस त्यांच्या अंगणापर्यंत जाऊन परत आलो. मला विनवणी कशी करायची याचे शब्द सापडत नव्हते. तिसऱ्यांदा त्यांनीच हाक मारली.

"काय रे बाळू, सोयरीक घेऊन आल्यागत नुसता घुटमळतोयस?"

मी कसंबसं सांगितलं. आमच्यावर उपकार होतील, असंही म्हणालो. त्या सुपातलं पाखडता पाखडता थांबल्या.

"उपकार कसले? तुझ्या अक्काचा पैरा आहे आमच्यावर."

पैरा म्हणजे आमच्याकडची कामाची फेड. आज माझ्या रानात तू ये, उद्या तुझ्या रानात मी येते. पैशाने नाही, हाताला हात. काजूचे दिवस सगळे पैऱ्यावरच चालतात. पण पैरा करायला हात लागतात, आणि अक्काला हात असून नसल्यासारखे, असं मी धरून चाललो होतो.

झालं होतं ते असं. काजूच्या दिवसांत मी अक्काला रानात नेऊन एका झाडाच्या दोन मुळांमध्ये बसवायचो, पाठीला पेंढ्याचं पोतं लावायचो, म्हणजे ती कलंडत नसे. वेचलेल्या बियांचे ढीग तिच्या आसपास घातलेले असायचे. माकडं टपलेलीच असतात. बायका दूर उतारावर गेल्या की ती खाली उतरतात आणि ढीग उधळून लावतात. अक्काच्या डाव्या हाताशी एक पत्र्याचा डबा ठेवलेला असायचा. माकड दिसलं की ती डब्यावर हात आपटायची आणि जी आरोळी ठोकायची, ती ऐकून माकडंच काय, एकदा पोस्टमन पळाला होता. बायका म्हणायच्या, "सुमीचं बोलणं माणसाला कळत नाही, पण माकडाला बरोबर कळतं गे." त्यावर अक्काचं उत्तर ठरलेलं. "माकडं... शिकलेली... हाईत. बाळूगत."

मला वाटायचं, बायका तिला दया म्हणून सोबत घेतात. तिचं मन रमावं म्हणून ढीग तिच्याजवळ घालतात. त्यांच्या हिशेबात मात्र ती राखण होती. ज्यांच्या ज्यांच्या रानात ती राखणीला बसली त्यांनी आमच्या रानात एक हात जास्त द्यायचा, हे त्यांच्यात कधीचं ठरलं होतं. आमच्या उतारावर दरवर्षी बायका जास्त कशा येतात याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी वर्षानुवर्षं तिला पाठीवर घेऊन रानात जात होतो आणि मला कळलं नव्हतं की मी एका कामकरी बाईला कामावर सोडायला चाललोय.

मी घरी येऊन अक्काला विचारलं, "हे पैऱ्याचं तुला माहीत होतं?" ती हसली. मान वळली, खांदा वर गेला. "तू... कधी..." मी म्हणालो, "विचारलंच नाही, होय?" तिने मान हलवली. ते वाक्यसुद्धा मीच पुरं केलं.

मग मी तुळसावहिनींना शिकवायला लागलो. आज आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. मी मास्तर असल्यासारखा ओसरीवर उभा राहून सांगत होतो आणि अक्का समोर बसून ऐकत होती. घास डाव्या गालात द्यायचा. मान मागे जाऊ द्यायची नाही, ठसका लागतो. उचलण्याआधी तिला सांगायचं, नाहीतर अंग दचकून ताठ होतं. दुपारी एका कुशीवर जास्त वेळ ठेवायचं नाही. वहिनी सगळ्याला "बरं" म्हणत होत्या. शेवटी मी म्हणालो, "आणि पाणी तिला फारसं लागत नाही. सकाळी एकदा प्यायली की संध्याकाळपर्यंत चालतं."

अक्का तेव्हा बाहेर अंगणाकडे बघायला लागली.

वहिनींची पद्धत मला पटेना. मी समोर उकिडवा बसून भरवायचो, त्या तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसायच्या, दोघी अंगणाकडे बघत. एक घास अक्काला, एक स्वतःला. मधेच गप्पा. माझं भरवून आणि वर भांडी घासून जेवढ्यात व्हायचं तेवढ्यात यांचं अर्धंही व्हायचं नाही. आणि अक्का बोलायला लागली की वहिनी हातातला घास तसाच धरून थांबायच्या. कितीही वेळ लागो. कावळा येऊन भाकरीचा तुकडा घेऊन गेला तरी थांबलेल्या. मला राहवत नसे. मी दारातून वाक्य पुरं करून टाकायचो. एकदा वहिनी म्हणाल्या, "तू गप्प रे. तिला सांगू दे की." आणि अक्काने जे सांगितलं ते मी म्हटलं होतं त्यापेक्षा अगदी वेगळं होतं. वहिनींच्या सासूला पाठीला फोड आलेत काय, असं ती विचारत होती. मी तिला आणखी भात हवाय असं सांगून बसलो होतो.

चार-पाच दिवसांनी मी रानातून बियांचं पोतं घेऊन आलो तर ओसरीवर अक्का पाणी पीत होती. वहिनींनी तांब्या तिच्या ओठाला लावला होता आणि ती डोळे मिटून पीत होती, मधे श्वास घेऊन पुन्हा पीत होती. गळ्यावरून पाणी ओघळत होतं. संपूर्ण तांब्या संपवून तिने मान बाजूला केली.

मी म्हणालो, "एवढं पाणी? ती तर पीत नाही."

वहिनी तांब्या घेऊन आत गेल्या. मी त्यांच्या मागून चुलीपर्यंत गेलो आणि पुन्हा तेच म्हणालो. तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता, राख सारता सारता म्हटलं, "बाईमाणूस आहे ती, बाळू."

एवढंच. बाकीचं मला आपोआप कळलं, आणि ते कळायला नको होतं असं वाटलं.

मी लहान असताना आई शेतात असली की अक्काला परसात मीच न्यायचो. तिला दगडाला टेकवून बसवायचो आणि पाठ फिरवून मोठ्याने पाढे म्हणायचो. आम्हां दोघांनाही काही ऐकू येऊ नये म्हणून. तेव्हा त्यात काही वाटत नव्हतं. पुढे माझा आवाज फुटला, मला मिसरूड आली, आणि त्याच सुमारास कधीतरी तिने मला परसात न्यायला सांगणं बंद केलं. मला वाटलं, अक्का मोठी झाली, तिला आता जमतं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखंच वाटलं होतं. तिला जमत नव्हतं. ती पाणी पीत नव्हती. काजूच्या दिवसांतलं ते ऊन, पाय भाजणारी ती माती, आणि सकाळी आईच्या हातून प्यायलेल्या पाण्यावर ती संध्याकाळपर्यंत झाडाखाली बसायची. मी घोट घोट पाणी पीत तिच्यासमोर उभा राहायचो. विचारायचोसुद्धा, "पाहिजे काय गे?" ती नको म्हणायची. नको हा तिचा सगळ्यात चटकन येणारा शब्द होता.

तिने मला वाचवलं होतं की स्वतःला, मला अजून ठरवता येत नाही. मी तिच्याशी त्याबद्दल कधी बोललो नाही. एका भावाने बहिणीशी असं बोलायचं कसं, ते आमच्याकडे कुणी शिकवत नाही. संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तिने माझे काळे झालेले हात बघितले आणि म्हणाली, "खोबरेल... लाव." मी लावलं. बस्स.

त्या अपराधी मनातून असेल, पण काजू संपत आले तेव्हा मी तिला एक वचन देऊन बसलो. शेवटची वेचणी चालू होती, झाडं मोकळी दिसायला लागली होती. मी तिच्या पाठीचं पोतं सारखं करता करता म्हणालो, "अक्का, डिग्री झाली की तुला बेंगळूरला नेतो. खोली घेतो. घरात नळ असंल, घरातच संडास असंल. उन्हात बसायला नको, माकडं हाकायला नको. राणीसारखी ठेवतो."

तिची मान वळली. खांदा वर गेला. "बाळू... मी..."

"मी येणार म्हणतीस? ठरलं तर," मी म्हणालो. तिने पुन्हा तोंड उघडलं, पण उतारावरून कुणीतरी पोतं उचलायला हाक मारली आणि मी धावलो. धावताना मला फार हलकं वाटत होतं.

पुढे ते वचन वाडीभर झालं. आईने शेजारणींना सांगितलं, बाबांनी गोव्यात सांगितलं. बाळू सुमीला बेंगळूरला नेणार. अक्काने कधी नाही म्हटलं नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारता एवढं लांब वाक्य बोलायचं म्हणजे तिला केवढे कष्ट.

आता माझं शेवटचं वर्ष आहे. परीक्षेनंतरसाठी एका दुकानात हिशेबाचं काम पक्कं झालंय. कॉलेजपासून जवळच एका जुन्या घराच्या तळमजल्यावर एक खोली बघून ठेवलीये. घरमालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आले, घरात अजून मराठी बोलतात, पण त्यांचं मराठी ऐकताना मला कन्नड ऐकतोय असं वाटतं. त्यांना मी अक्काबद्दल आणि तिला आता मिळालेल्या चाकाच्या खुर्चीबद्दल सांगितलं तर म्हणाले, "पायरी आहे रे ही स्वल्प उंच. खुर्ची चढणार नाही. मी गवंड्याला सांगून उतार करून घेतो, सरी?" मी म्हणालो, "सरी अण्णा." मग ते रोज विचारायला लागले. "काय रे, तुझी अक्का कधी येणार? गवंडी बोलवू ना?" आणि मी रोज म्हणायचो, बोलतो, आज बोलतो.

मी का टाळत होतो? एक तर या शहरात इतकी वर्षं राहून मला कळून चुकलंय की त्या खोलीत दिवसभर ती एकटी असणार. खिडकी उघडली की समोर कुंपणाची भिंत. मी सकाळी जाणार, संध्याकाळी येणार. मधे कुणी बाई ठेवता येईल, पण ती अक्काचं वाक्य संपेपर्यंत हातातला घास धरून थांबेल का? आणि मी संध्याकाळी येईपर्यंत अक्का पाणी पिईल का? हे सगळं मला माहीत होतं. तरी न्यायचं होतं. न नेलं तर मी तिला टाकून आलो असं होईल, आणि ते माझ्याने बघवणार नव्हतं. कितीदा वाटतं, खोली मी तिच्यासाठी बघत होतो की त्या दुपारच्या तांब्यासाठी.

शेवटी रविवारी सकाळी फोन केला. आमच्या घरामागच्या पायरीवर एका कोपऱ्यात रेंज येते, तिथं आता अक्काची चाकाची खुर्ची असते. फोन वहिनींचा. त्यांनी तो तिच्या कानाला लावून धरला. मी बोलायला लागलो. खोली, उतार, नळ, अण्णा, बसस्टॉप किती जवळ, मेट्रोत खुर्चीसकट कसं चढता येतं. मी थांबतच नव्हतो. बोलून संपलं तेव्हा विचारलं,

"मग? काय म्हणतीस?"

तिचा श्वास ऐकू आला. मला दिसत नव्हतं, पण मला माहीत होतं, मान वळली असणार, खांदा वर गेला असणार. "मला..." माझ्या तोंडात पुढचे शब्द तयार होते. मला कधी नेतोस. मला आवडेल. मी ओठ दाबून धरले. कोंबडी ओरडली. लांब कुठेतरी बायकांच्या काठ्यांचा आवाज आला, रानात निघाल्या असतील. वहिनी मधे बोलल्या नाहीत. इकडे माझ्यासमोरच्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली, दुसरी गेली.

"मला... तिथं... कोण... हाक... मारंल?"

मी म्हणालो, "मी आहे की."

"तू... कामाला."

मी म्हणालो नाही की बाई ठेवू, टीव्ही घेऊ. हे सगळं मी आधी ठरवून ठेवलं होतं.

"हितं... राखण... कोण करंल?" ती म्हणाली, आणि हसली, कारण मागून वहिनी ओरडल्या होत्या, "तर! माकडांनी सुट्टी घेतली नाही अजून!"

मग ती पुन्हा बोलायला लागली. मी पुन्हा थांबलो. हे थांबणं मला फार उशिरा येतंय असं त्या वेळी वाटत होतं. तीस-चाळीस वर्षांच्या माणसाला पोहायला शिकवतात तसं. "काजू... झाले की... येते. आठ... दिवस. तुळसाला... घेऊन. तिला... विमान... बघायचंय."

"ये की," मी म्हणालो. "आणि मग?"

"मग... घरी."

"अगं, ते पण घरच की, अक्का."

"तुझं," ती म्हणाली.

एवढा एकच शब्द तिला अजिबात वेळ न लागता आला.